टाळूच्या फ्लॅप ऑपरेशननंतर मुलाचा श्वास कसा बघायचा

माझ्या लेकीची टाळू जन्मतः फाटलेली, ती शिवली तरी बोलणं गेंगाणंच राहिलं म्हणून सहाव्या वर्षी फ्लॅप केला. यात घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी उचलून मऊ टाळूला शिवतात आणि दोन्ही बाजूंना श्वासासाठी फटी ठेवतात. म्हणजे वाट मुद्दाम अरुंद केलेली असते आणि वरून सूज येते, त्यामुळे पहिले 24 ते 48 तास सगळ्यात जपायचे. घरी लवकर सोडा म्हणून मागे लागू नका, बोटाला सॅच्युरेशनचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) प्रोब लावलेला बरा. कधीकधी नाकात मऊ नळी ठेवतात, ती मुलाला ओढू देऊ नका.

घरी आल्यावर डोकं उंच ठेवून किंवा कुशीवर झोपवा. झोप आणणारं सर्दी-खोकल्याचं औषध किंवा घरात उरलेली पेनकिलर मनाने अजिबात देऊ नका, त्याने श्वास मंदावू शकतो.

आता रात्रीचं बघणं. घोरणं सुरुवातीचे काही आठवडे बहुतेकांना असतं, तेवढ्याने घाबरू नका, पण नुसता आवाज ऐकू नका, शर्ट वर करून छाती बघा. श्वास घेताना बरगड्यांखाली आणि गळ्याच्या खोबणीत खड्डा पडतोय का, छाती हलतेय पण तोंडा-नाकापाशी धरलेल्या हाताला हवाच लागत नाही असं होतंय का, मधेच सगळं थांबून मग दचकून मोठा श्वास येतो का. मी मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून सर्जनना दाखवला, सांगण्यापेक्षा तो जास्त कामी आला. ओठ निळसर झाले, मूल उठवूनही नीट उठत नसेल किंवा तोंडातून ताजं रक्त येत असेल तर थांबायचं नाही, 108 ला फोन करून थेट हॉस्पिटल.

सूज उतरल्यावरही महिनोन्‌महिने घोरणं, झोपेत घाम, पुन्हा अंथरूण ओलं करणं, सकाळी डोकं दुखणं, शाळेत पेंगणं असं चाललं तर स्लीप स्टडीसाठी (झोपेतला श्वास तपासायची चाचणी) विचाराच, बोलणं कितीही छान सुधारलेलं असलं तरी. झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन लागू शकतं, कधी फ्लॅप सोडवावाही लागतो. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर टॉन्सिल मोठे आहेत का, हनुवटी लहान आहे का, हे आधीच विचारून घ्या, अशा मुलांना धोका जास्त.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, घशात फ्लॅप आहे, नाकातून नळी घालण्याआधी विचारा. पुढे कुठल्याही आजारात, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ते पान आधी दाखवा.