मास कॉमला प्रवेश घेण्याआधी: सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी

एम.ए. मास कॉमने (पत्रकारिता व जनसंज्ञापनाच्या पदव्युत्तर पदवीने) नोकरी लागते का, हे कुठली नोकरी हवी त्यावर ठरतं. ते प्रवेशाआधीच ठरवा, कारण यात दोन वर्षं जातात.

प्राध्यापक व्हायचं तर ही पदवी लागतेच. पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण (राखीव प्रवर्गाला 50) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. नेटचा दुसरा पेपर 100 प्रश्नांचा, 200 गुणांचा आणि तो इंग्रजी-हिंदीतच असतो. इथेच मराठीतून शिकलेले अडतात. सिद्धान्त पाठ असतो, पण त्याचं इंग्रजी नाव समोर आलं की ओळखता येत नाही. पहिल्या सत्रापासून मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतल्या संज्ञांची वही करा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

बातमीदारीत नुसत्या पदवीने पगार वाढेल, ही आशा धरू नका. जिल्हा आवृत्तीत आधी बातमी लिहायला सांगतात, गुणपत्रिका नंतर बघतात. म्हणून शिकतानाच दाखवण्याजोगं काम जमवा.

पुराचंच घ्या. ‘कोयनेतून विसर्ग वाढवला’ हे प्रेसनोटवरून कुणीही उतरवतो. वाचकाला हवं असतं ते पुढचं: विसर्ग किती क्युसेक, 105.25 टीएमसी क्षमतेच्या धरणात साठा किती, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर, आणि 40 फुटांची इशारा पातळी व 45 फुटांची धोका पातळी गाठायला किती बाकी. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला वाहणारे घनफूट, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट साठा. साधारण 11,574 क्युसेक चोवीस तास सोडलं की एक टीएमसी पाणी जातं. नवख्यांच्या बातमीत हे दोन शब्द हमखास एकमेकांच्या जागी पडतात, आणि नदीकाठचा वाचक ते लगेच पकडतो. अशा दहा-बारा नेटक्या बातम्या तारखेसह फाइलला लावलेल्या असल्या की मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं.

सामाजिक संस्थांच्या संवाद विभागात मात्र एम.ए.ला खरी किंमत आहे, असं आमचं ठाम मत आहे. तिथे पाहणी, मुलाखती, अहवाल हे सगळं लागतं. जतजवळच्या जालिहाळची येरळावाणी किंवा म्हसवडची माणदेशी तरंग अशा सामुदायिक रेडिओवर इंटर्नशिप मिळाली तर सोडू नका. ध्वनिमुद्रणापासून संपादनापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने करायला मिळतं.

सरकारी माहिती खात्यातल्या पदांसाठी एमपीएससीच्या जाहिरातीतली अर्हता शब्दन् शब्द वाचा. बऱ्याचदा पत्रकारितेची पदविकाही चालते आणि वजन अनुभवाला असतं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एम.ए.च्या पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. आधीच नोकरीत असाल तर तेवढ्यावर भागेल का, ते तपासा.

अशा सरकारी पदाचा अर्ज अडतो तो अनुभवाच्या दाखल्यापाशी. तालुका वार्ताहर मानधनावर वर्षानुवर्षं राबतो, पण त्याच्याकडे नियुक्तीपत्र नसतं. रुजू होतानाच पत्र मागून घ्या, मानधन रोख न घेता बँक खात्यात घ्या, आणि नावानिशी छापून आलेली कात्रणं महिन्यावार लावून ठेवा. काम सोडल्यावर दाखला मागायला गेलं की तो मिळता मिळत नाही.