येऊ घातलेला फॅन्टसी एमएमओ किती चालेल? एका स्टॉकिस्टचा हिशेब

सांगलीत माझी औषधांची स्टॉकिस्टशिप आहे आणि शटर ओढल्यावर मी एमएमओत, म्हणजे हजारो लोक एकाच जगात ऑनलाइन खेळतात त्या गेममध्ये, एका गिल्डचा (खेळाडूंच्या टोळीचा) खजिनदार असतो. नवा गेम जाहीर झाला की गिल्डमधली पोरं विचारतात, "काका, चालणार का हा? घालू का पैसे?" त्यांच्यासाठी मी जसा अंदाज बांधतो, तसा तुम्हालाही बांधता येईल. एक एक्सेल शीट आणि स्टीमडीबी (स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचे आकडे दाखवणारी साइट) एवढ्यावर भागतं. ट्रेलर शेवटी बघा.

आधी कंपनी नेमका कुठला आकडा सांगतेय ते तपासा. आमच्याकडे कंपनीने स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारला की ती प्रायमरी सेल, तो मेडिकलवाल्याकडे गेला की सेकंडरी. मार्चअखेर प्रायमरी कितीही फुगवता येते; पेशंट तीच गोळी मागायला पुन्हा आला नाही, तर एक्स्पायरीचे खोके माझ्याच गोदामात परत येतात. एमएमओत बीटाची (गेम येण्याआधीच्या चाचणीची) नोंदणी, विशलिस्ट ('पुढे घेईन' म्हणून करून ठेवलेली यादी), विकलेल्या प्रती, एका वेळी खेळणारे आणि महिन्याला पैसे देणारे हे पाच निरनिराळे आकडे आहेत. पाचांना पाच कॉलम द्या. 'वॉरहॅमर ऑनलाइन' १८ सप्टेंबर २००८ ला आला आणि थोड्याच दिवसांत १२ लाख प्रती विकल्याचं ईए या प्रकाशक कंपनीने सांगितलं. डिसेंबरअखेर वर्गणी भरणारे उरले ३ लाखांच्या आसपास. २०१३ च्या डिसेंबरात गेम बंद झाला. उलट 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नोव्हेंबर २००४ मध्ये पहिल्या दिवशी २ लाख ४० हजार खपला होता आणि ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाख होते.

आता पहिल्या लाटेचा अंदाज. स्टीमवर विशलिस्टची क्रमवारी दिसते, आकडा दिसत नाही. फॉलोअर्स मात्र दिसतात, आणि फॉलोअर्सच्या साधारण दहापट विशलिस्ट असा धंद्यातला ठोकताळा आहे. त्यातले किती घेतील ते किमतीवर. त्याच जातीच्या, त्याच किमतीच्या दोन-तीन जुन्या गेम्सचे आकडे शेजारी मांडा, म्हणजे हवेतला आकडा जमिनीवर येतो. फुकट गेमला हे लावू नका. 'लॉस्ट आर्क'ने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीमवर एका वेळी १३ लाखांवर खेळाडू दाखवले, आणि मार्चमध्ये दहा लाखांहून जास्त बॉट (माणसाऐवजी प्रोग्रॅम चालवतो ती) खाती बंद करावी लागली. फुकटच्या गर्दीत गिऱ्हाईक किती आणि भुतं किती, हे बाहेरून कळत नाही.

खरी मेख पैशांत आहे, इथे घाई करू नका. समजा, ४० डॉलरचा गेम, दहा लाख प्रती. ४ कोटी डॉलर लिहून मोकळं व्हायचं नाही. भारत, ब्राझील, तुर्कस्तानात किंमत कमी असते, कर जातो, रिफंड जातात. विकत घेऊन १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम स्टीम परत घेतं. (सर्व्हरच्या रांगेत ताटकळलेला वेळही त्या दोन तासांत धरला जातो, म्हणजे लाँचच्या गर्दीत कंपनीचा फायदाच!) मी सरासरी २८ डॉलर धरतो. झाले २ कोटी ८० लाख. स्टीमचा वाटा पहिल्या १ कोटीवर ३० टक्के, पुढे ५ कोटींपर्यंत २५, त्याच्या वर २०. म्हणजे ३० लाख अधिक ४५ लाख गेले. हातात २ कोटी ५ लाख. आता खर्च. अमेरिकेत माणशी महिना १०,००० डॉलर धरायची रीत आहे. २०० माणसांचा स्टुडिओ महिन्याला २० लाख खातो. सर्व्हर आणि जाहिरात धरलीच नाही, तरी दहा लाख प्रतींची ही दणदणीत विक्री जेमतेम दहा महिने पुरते, आणि गेम बनवण्यात गेलेली आधीची वर्षं तशीच अंगावर.

म्हणून 'किती विकेल' याच्या खाली लगेच 'सहाव्या महिन्यात कोण पैसे देतंय' अशी ओळ घाला. वर्गणी असेल तर सोपं: शिल्लक माणसं गुणिले महिन्याची रक्कम. 'गिल्ड वॉर्स २'सारखा एकदाच विकत घ्यायचा गेम असेल तर गेममधल्या दुकानातले कपडे आणि पुढची एक्स्पान्शन (विकत घ्यायची मोठी भर) यांवर भिस्त. अ‍ॅमेझॉनचा 'न्यू वर्ल्ड' सप्टेंबर २०२१ मध्ये ४० डॉलरला, बिनवर्गणीचा आला. स्टीमवर एका वेळी ९,१३,६३४ खेळाडू! नोव्हेंबरात गेममधलं सोनं (तिथलं चलन) दुप्पट करायची चोरवाट सापडली आणि कंपनीला सगळा व्यापारच काही काळ बंद ठेवावा लागला. जानेवारीत दिवसाची सर्वाधिक गर्दी सव्वा लाखाच्या आत आली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने गेममध्ये नवी भर घालणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. ट्रेलर तिथेही झकास होता.

बीटात म्हणून मी लढाई कमी आणि बाजार जास्त बघतो: लिलावघर (खेळाडूंची आपसातली खरेदी-विक्री) चालतं का, सोनं येतं कुठून, जातं कुठे. शेवटच्या लेव्हलला पोचलेल्या माणसाला बुधवारी रात्री करायला काही आहे का, हेही विचारा.

कॅलेंडर विसरू नका. 'वॉरहॅमर'नंतर दोन महिन्यांच्या आत, १३ नोव्हेंबर २००८ ला, वॉरक्राफ्टची 'रॅथ ऑफ द लिच किंग' आली आणि २४ तासांत २८ लाख प्रती गेल्या. तुमच्या गेमच्या पुढेमागे तीन महिन्यांत कुणाची एक्स्पान्शन आहे ते लिहून ठेवा.

कंपनीचा दम किती, यालाही एक कॉलम द्या. 'फायनल फॅन्टसी १४' २०१० मध्ये सपशेल आपटला. स्क्वेअर एनिक्सने तो मोडून २०१३ मध्ये नव्याने बांधला. डिसेंबर २०२१ मध्ये गर्दी इतकी झाली की विक्रीच थांबवावी लागली, ती जानेवारीअखेर सुरू झाली. असा दम मी फार कमी कंपन्यांत बघितलाय. पहिल्याच एमएमओला हात घालणाऱ्या स्टुडिओला या कॉलममध्ये माझ्याकडून शून्य.

शेवटी एक आकडा सांगू नका, तीन लिहा: खालचा, मधला, वरचा. गेम आला की पहिल्या रविवारची सर्वाधिक गर्दी आणि पाचव्या रविवारची शेजारी मांडा. निम्मी उरली असेल तर मधला आकडा ठेवा, तिसऱ्या हिश्श्याखाली गेली तर खालचा. माझ्या पोरांना उत्तर त्या पाचव्या रविवारी मिळतं. ज्याला तोवर दम निघत नाही, त्याने साधी आवृत्ती घ्यावी, डीलक्स नको. डीलक्समधली घोड्याची सोनेरी झूल पुढे सेलमध्ये बहुधा मिळतेच.