विकिपीडियावर तुमचा मजकूर उडाला तर

विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्यांना मदत करताना मला सगळ्यात जास्त ऐकावा लागणारा प्रश्न म्हणजे, "एवढं लिहिलं, ते काढून का टाकलं?" आणि हा प्रश्न विचारणारे बरे, बाकीचे न विचारताच निघून जातात.

आधी लेखाचा 'इतिहास' उघडा. कोणता बदल कोणी, केव्हा केला, आणि त्याने आढावा (बदलाबद्दलची छोटी टीप) लिहिला असेल तर का केला, हे तिथे दिसतं. तुमचा मजकूरही बहुधा जुन्या आवृत्तीत शाबूत असतो. अख्खं पानच वगळलं असेल, तर मात्र ते फक्त प्रचालकांना, म्हणजे पानं वगळण्यासारखे जादा अधिकार असलेल्या सदस्यांना दिसतं, त्यांना विचारा.

मजकूर उडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कौतुक. 'अष्टपैलू प्रतिभेच्या या लोकप्रिय कवीने साहित्यशारदेची अखंड सेवा केली.' यातली विशेषणं काढून बघा. उरतं काय? एक माणूस, जो कविता लिहायचा. आता त्याच जागी पहिला संग्रह कोणत्या साली आला, कोणी छापला, कोणत्या नियतकालिकात त्यावर कोणी लिहिलं, हे द्या आणि प्रत्येक विधानाला संदर्भ जोडा. कवी थोर आहे की नाही, हे वाचक ठरवेल. सत्काराच्या भाषणांची सवय असलेल्यांना हे फार जड जातं. स्वतःवर, नातेवाइकांवर किंवा आपल्या संस्थेवर लिहायचा मोह टाळायचा, तो यामुळेच.

दुसरं कारण नक्कल. "खाली वेबसाइटचं नाव दिलं होतं की!" हे उत्तर चालत नाही. विकिपीडियावरचा मजकूर सीसी बाय-एसए ४.० परवान्याखाली जातो, म्हणजे श्रेय देऊन आणि त्याच परवान्याच्या अटी पाळून कोणीही तो वापरू शकतो, अगदी विकूसुद्धा शकतो. जे आपलं नाही, ते असं वाटून टाकायचा हक्क आपल्याला कुठून येणार? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो. दोन-चार शब्द इकडेतिकडे करून सुटका नाही. वाचा, पुस्तक मिटा, मग आपल्या शब्दांत लिहा.

नवा लेख हे पहिलं काम नव्हेच, असं माझं ठाम मत आहे. आपल्या ओळखीच्या विषयावरचा लेख घ्या, 'संदर्भ हवा' असं लिहिलेलं वाक्य शोधा आणि पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान क्रमांक देऊन तो संदर्भ भरा. प्रयोग करायचे असतील तर धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान आहे.

आणि काढलेला मजकूर हट्टाने परत टाकत बसू नका. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली, म्हणजे दुसऱ्याचे बदल रद्द केले, तर खात्यावर बंदी येऊ शकते. त्यापेक्षा लेखाच्या चर्चापानावर लिहा. "तुम्ही कोण ठरवणारे?" याला कोणी उत्तर देत नाही. "या वाक्याला अमुक पुस्तकाचं पान ४५ चालेल का?" याला मिळतं. शेवटी चार टिल्डा (~~~~) टाका, म्हणजे सही आणि वेळ आपोआप उमटते.

मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, पण नियमित काम करणारे हात थोडेच आणि तेही नोकरीधंदा सांभाळून. त्यामुळे उत्तर यायला दिवस लागतात. अगदीच कोणी बोललं नाही, तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, लेखाच्या दुव्यासकट विचारा.