चारशे यार्डांवरचा नेम : शिकारी रायफलच्या गोळीचा मार्ग कसा मांडावा

वायोमिंगच्या उघड्या माळावर म्यूल डिअर जातीचे हरीण शिकाऱ्याला तीनशे यार्डांच्या आत येऊ देईलच असे नाही, आणि त्यापुढच्या अंतरावर नेम थेट जनावरावर धरून भागत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी असल्यामुळे पुढील आकडेमोड आपल्याकडील रानांसाठी नाही. ती अमेरिकेच्या पश्चिम भागात रीतसर परवाना काढून जाणाऱ्यांसाठी आहे. (एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांना तेथील केंद्रीय कायदा एरवी बंदूक बाळगू देत नाही, मात्र वैध शिकार परवाना जवळ असल्यास अपवाद आहे, हे आधी नीट पाहून घ्यावे.)

उदाहरणासाठी ६.५ क्रीडमूर हे काडतूस आणि त्यातील हॉर्नाडी कंपनीची १४३ ग्रेन वजनाची ईएलडी-एक्स गोळी घेऊ. खोक्यावर नळीतून सुटतानाचा वेग २७०० फूट प्रति सेकंद असा दिलेला असतो, पण तो साधारणतः २४ इंची चाचणी नळीतला असतो. आपली नळी २२ इंचांची असेल तर प्रत्यक्ष वेग चाळीस-पन्नास फुटांनी कमी भरू शकतो, म्हणून क्रोनोग्राफने (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) स्वतःच्या रायफलचा वेग मोजून तोच आकडा गणितात घालावा. नळीचा मध्य आणि दुर्बिणीचा मध्य यांतील उंचीही मोजून घ्यावी. कोष्टके दीड इंच धरतात, तर मोठ्या भिंगाच्या दुर्बिणीत ती दोन इंचांच्या जवळ जाते.

हवा गोळीला किती अडवते हे बॅलिस्टिक कोइफिशन्ट हा आकडा सांगतो. या गोळीचा जी-१ प्रमाणातला आकडा ०.६२५ आणि जी-७ प्रमाणातला ०.३१५ आहे. जी-१ ही जुन्या, सपाट बुडाच्या गोळीची मोजपट्टी आहे आणि जी-७ लांब टोकाच्या, निमुळत्या बुडाच्या गोळीची. एका प्रमाणाचा आकडा दुसऱ्याच्या रकान्यात भरला की पुढचे सगळे उत्तर निरुपयोगी ठरते, आणि गोळीचा मार्ग काढून देणारे मोबाइल ॲप त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आता मूळ हिशेब पाहू. चारशे यार्ड म्हणजे १२०० फूट. हवा नसती तर २७०० फूट वेगाच्या गोळीला ते कापायला ०.४४४ सेकंद लागले असते. हवेमुळे सुमारे ०.४९७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे गोळी नळीच्या रेषेपासून साधारण ४६ इंच खाली येते. रायफल दोनशे यार्डांवर झीरो केली असेल (म्हणजे तेथे गोळी नेमक्या नेमाच्या बिंदूवर लागेल अशी दुर्बीण लावलेली असेल) तर नळी मुळातच किंचित वर रोखलेली असते, म्हणून दृष्टिरेषेच्या तुलनेत गोळी १०० यार्डांवर सुमारे दोन इंच वर, ३०० वर ८ इंच खाली, ४०० वर २३ इंच खाली आणि ५०० वर ४५ इंच खाली लागते. अंतर सव्वापट झाले की घसरण दुप्पट होते, यावरून अंतर डोळ्यांनी न जोखता लेझर रेंजफाइंडरने का मोजावे हे समजते.

इंचांचे क्लिकमध्ये, म्हणजे दुर्बिणीचा नेम वर-खाली करणाऱ्या चकतीच्या खाचांमध्ये, रूपांतर सोपे आहे. एक एमओए (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) म्हणजे शंभर यार्डांवर १.०४७ इंच, चारशेवर सुमारे ४.१९ इंच, तेव्हा २३ इंचांसाठी साडेपाच एमओए, म्हणजे दर क्लिकला पाव एमओए सरकणाऱ्या दुर्बिणीवर २२ क्लिक. मात्र दुर्बिणीच्या क्लिकवर आंधळा विश्वास ठेवू नये. शंभर यार्डांवर उंच कागदी लक्ष्य लावून त्यावर ओळंब्याने उभी रेघ आखावी, खालच्या बिंदूवर नेम धरून काही गोळ्या झाडाव्यात, मग ८० क्लिक वर फिरवून त्याच बिंदूवर नेम ठेवून पुन्हा झाडाव्यात. गोळ्यांच्या भोकांच्या या दोन गटांमधले अंतर २१ इंचांना जरा कमी, नेमके २०.९४ इंच, भरायला हवे. ते २० भरले तर प्रत्येक क्लिक साडेचार टक्क्यांनी लहान आहे असे समजून कोष्टक दुरुस्त करावे, आणि गट रेघ सोडून बाजूला गेला तर दुर्बीण तिरकी बसली आहे.

हवेच्या दाबाबाबत अनेकांची गल्लत होते. हवामान खात्याच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, तर गणिताला त्या जागेचा खरा दाब लागतो. आठ हजार फूट उंचीवर तो पाऱ्याच्या सुमारे २२.२ इंचांइतका असतो, बातमीत मात्र तीसच्या आसपास दिसतो. समुद्रसपाटीवर झीरो केलेली रायफल तेथे नेल्यास विरळ हवेमुळे चारशे यार्डांवर गोळी सुमारे दोन इंच वर लागेल. उतारावरचा फरक याहून मोठा आहे. तीस अंशांच्या उतारावर चारशे यार्ड मोजले गेले तर कोसाइन ०.८६६ ने गुणून ३४६ यार्डांचे क्लिक लावावेत. वर झाडा वा खाली, पूर्ण चारशेचे क्लिक लावले तर गोळी सहा-सात इंच वरून जाते.

वाऱ्याचे गणित मात्र वेगळ्या पायावर उभे आहे. गोळी हवेत किती वेळ होती यावर नव्हे, तर हवेने तिला किती उशीर केला यावर तिचे सरकणे अवलंबून असते. वरच्या उदाहरणात तो उशीर ०.०५३ सेकंद आहे. ताशी दहा मैलांचा आडवा वारा म्हणजे १४.६७ फूट प्रति सेकंद. गुणाकार येतो ०.७८ फूट, म्हणजे नऊ इंचांहून थोडे अधिक. आठ हजार फुटांवर उशीरच घटतो आणि सरकणे साडेसात इंचांवर येते. वारा गोळीच्या दिशेशी तीस अंशांचा कोन करून तिरका येत असेल तर निम्मे धरावे. आपल्याजवळचा वारा लक्ष्याजवळच्या वाऱ्यापेक्षा अधिक महत्त्वाचा, कारण सुरुवातीला मिळालेला धक्का उरलेल्या सगळ्या अंतरात वाढत जातो.

आता या आकड्यांवरून स्वतःची मर्यादा काढता येते, आणि माझ्या मते सगळ्या खटाटोपाचा खरा उपयोग हाच आहे. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग नऊ इंच व्यासाचा धरला तर मध्यापासून साडेचार इंचांची मुभा मिळते. बसून झाडताना आपला गट दीड एमओएचा असेल आणि वारा ओळखण्यात ताशी पाच मैलांची चूक होत असेल, तर आठ हजार फुटांवर तीनशे यार्डांना गटाच्या निम्म्या व्यासाचे २.४ आणि वाऱ्याचे २ असे ४.४ इंच होतात, जेमतेम मुभेच्या आत. चारशेवर तीच बेरीज ३.१ अधिक ३.७, म्हणजे ६.८ इंच होते. शिवाय त्या अर्ध्या सेकंदात जनावर एखादे पाऊल टाकू शकते, ज्याचा रकाना कोणत्याही ॲपमध्ये नाही. अशा नेमबाजाने दस्त्यावर चिकटवायच्या कार्डात पाचशेपर्यंतचे क्लिक लिहिले तरी तीनशेच्या ओळीखाली लाल रेघ ओढावी आणि त्यापुढे अंतर सरपटत कमी करावे.