कॉलेजची पहिली फॉर्म्युला गाडी बांधताय?

जून-जुलै आला की नव्या टीमच्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, कार्बन फायबरचं मोनोकॉक (सांगाड्याऐवजी एकसंध कवच) करायचं म्हणतोय." माझं उत्तर ठरलेलं: पहिल्या वर्षी पाइपची चासी करा आणि गणपतीच्या आत ती जिगवर (वेल्डिंगसाठी पाइप जागच्या जागी धरणाऱ्या साच्यावर) चढवा. फॉर्म्युला भारत, म्हणजे कॉलेजच्या टीमांनी बांधलेल्या अशा गाड्यांची स्पर्धा, असते जानेवारीत, कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर (मारुती ८०० च्या इंजिनावर देशी सिंगल-सीटर उभी करणाऱ्या करिवर्धन यांच्या नावाचा ट्रॅक). नोव्हेंबर-डिसेंबर परीक्षा खाणार, हे धरूनच चाला. खंडेनवमीला इंजिन बसलेल्या चासीला झेंडूचा हार घालता आला, तर तुम्ही वेळेत आहात.

इंजिन केटीएम ३९० ड्यूकचं घ्या. नियमात ७१० सीसीपर्यंत मुभा आहे, पण पेट्रोल गाडीला सगळी हवा २० मिमीच्या रिस्ट्रिक्टरमधूनच (हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्यातूनच) ओढावी लागते. ६०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन तिथे जास्त गुदमरतं. शिवाय ड्यूक चाकणला बनते. पुण्यात तिचे पार्ट मिळतात, आणि हात बसलेला मेकॅनिकही.

चासीत ड्रायव्हरला वाचवणाऱ्या दोन कमानी असतात: पाठीमागे मेन हूप आणि स्टिअरिंगपाशी फ्रंट हूप. मेन हूप अखंड पाइपचा हवा, मध्ये जोड चालत नाही. दोन्ही हूपांना साधं स्टील असेल तर २५ मिमी व्यास, २.५ मिमी जाडी. पाइपचं सर्टिफिकेट फाइलला लावा. वेल्डिंग टिगचंच, आणि आधी सगळीकडे नुसते टाके मारा. एक बाजू पूर्ण वेल्ड करून मग दुसरीकडे वळलात, तर फ्रेम पिळली म्हणून समजा.

आता ब्रेक. नव्या टीमा इन्स्पेक्शनमध्ये सर्वात जास्त इथेच रडतात. चाचणीत चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत. पुढची लॉक होतात, मागची गरगर फिरत राहतात, आणि पोरं बॅलन्स बारला (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणाऱ्या दांडीला) पाना लावतात. थांबा. आधी मागच्या लाइनची एअर काढा. कॅलिपरचा (डिस्क पकडणाऱ्या भागाचा) ब्लीडर, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सर्वात वर आहे का बघा. तो खाली आला असेल तर बुडबुडा आतच राहतो आणि पेडल स्पंजासारखं दबतं. पेडल दगडासारखं कडक झालं की मगच बॅलन्स बार मागे सरकवा.

बोल्टांचं सोपं आहे: महत्त्वाच्या जागी नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, आपोआप न सुटणारा), आणि नटाबाहेर किमान दोन पूर्ण आटे दिसले पाहिजेत. ड्रायव्हर ५ सेकंदांत बाहेर यायला हवा. हे हॉस्टेलसमोर रोज करून घ्या.

एन्ड्युरन्स, म्हणजे स्पर्धेतली लांब पल्ल्याची शर्यत, २२ किलोमीटरची. अर्ध्यावर ड्रायव्हर बदलतो, इंजिन बंद होतं, आणि तापलेली गाडी पुन्हा सुरू करायची असते. निम्म्या गाड्यांचा जीव इथे टांगणीला लागतो. म्हणून भर दुपारी गाडी तापवा, बंद करा, तीन मिनिटं उभी ठेवा आणि स्टार्टर मारा. रेडिएटरच्या फॅनने बॅटरी पिऊन टाकली असेल तर ते तुमच्याच पार्किंगमध्ये कळलेलं बरं. आठवडाभर विंगची (हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटवणाऱ्या पंखाची) चित्रं काढण्यापेक्षा हे करा. पहिल्या मोसमात विंग नसली तरी काही अडत नाही.

आणि परत आल्यावर पार्ट काढायला गाडी कापू नका. पुढच्या वर्षीचे ड्रायव्हर शिकणार कशावर?