वेगवेगळ्या काळांतले बुद्धिबळपटू: रेटिंगवरून तुलना कशी करायची

जुलै 1972 मध्ये फिशरचं रेटिंग 2785, मे 2014 मध्ये कार्लसनचं 2882. म्हणून कार्लसन 97 गुणांनी सरस, हा हिशेब चुकतो. रेटिंग ज्या एलो पद्धतीने काढतात, ती एकाच काळातल्या, एकमेकांत खेळणाऱ्या खेळाडूंमधला फरक मोजते. रेटिंगमध्ये 200 चा फरक असेल तर वरचढ खेळाडूने शंभर डावांत साधारण 76 गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळवावेत, एवढाच त्याचा अर्थ. नवे खेळाडू किती रेटिंगने यादीत येतात, यावरही अख्खी यादी वर-खाली सरकते.

म्हणून आधी अंतर बघा. 1972 च्या त्या यादीत दुसरा स्पास्की, 2660 वर. अंतर 125, म्हणजे अपेक्षित गुण 67 टक्के. जुलै 1999 मध्ये कास्पारोव 2851, आनंद 2771: अंतर 80, अपेक्षा 61 टक्के. एकट्या दुसऱ्या क्रमांकावर विसंबण्यापेक्षा दुसऱ्या ते दहाव्याची सरासरी धरलेली बरी. यातून वर्चस्व कळतं. खेळाचा दर्जा नाही.

फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, एलो पद्धत 1970 मध्ये स्वीकारली. त्याआधीच्या काळासाठी रेटिंग मागाहून काढावं लागतं. त्यासाठी स्पर्धांचे पूर्ण गुणतक्ते घ्या, डावांचे संग्रह नकोत. संग्रहांत गाजलेले विजय राहतात आणि रटाळ बरोबऱ्या गळतात. सुरुवातीला सगळ्यांना 2000 रेटिंग द्या. प्रत्येकाचे अपेक्षित गुण काढा: 1 ÷ (1 + 10^(फरक ÷ 400)), फरक म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग वजा त्याचं स्वतःचं. प्रत्यक्ष गुण जास्त असतील तर रेटिंग वाढवा, कमी असतील तर उतरवा, आणि बदल एका गुणाच्या आत येईपर्यंत फेऱ्या चालू ठेवा. सगळे डाव जिंकलेल्या खेळाडूचं रेटिंग मात्र थांबतच नाही, चढतच राहतं. त्यासाठी प्रत्येकाच्या खात्यात 2000 च्या काल्पनिक खेळाडूशी दोन बरोबऱ्या टाका. एकोणिसाव्या शतकातल्या मॉर्फीसारख्याचे गंभीर डाव मोजकेच, तिथे एक आकडा न देता पल्ला द्या.

दर्जाच मोजायचा तर इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम, लागतं. सगळ्या डावांना एकच इंजिन, आणि ते किती खेळ्या पुढचं बघतं ती खोलीही एकच. पहिल्या 12 खेळ्या सोडा, कारण आजची ओपनिंग (डावाची सुरुवात) बहुतेक घरून पाठ केलेली असते. दोन प्याद्यांहून जास्त आघाडी असलेल्या स्थितीही वगळा. जिंकत आलेला खेळाडू सर्वोत्तम नव्हे, सुरक्षित खेळी शोधतो. उरलेल्या खेळ्यांत सरासरी किती सेंटीपॉन (प्याद्याच्या किमतीचा शंभरावा भाग) गमावले ते काढा.

2006 मध्ये गुइद आणि ब्रात्को या संशोधकांनी जगज्जेत्यांचे डाव असे तपासले, तेव्हा कापाब्लांका पहिला आला. पण त्याचे डाव सोपे, स्वच्छ. तिथे चुकायला वावच कमी. जगज्जेत्या मिखाइल तालच्या डावांतल्या गुंतागुंतीत कुणीही जास्त चुकेल. त्यामुळे स्थितीची अवघडता वेगळी मोजल्याशिवाय ही सरासरी शेजारी-शेजारी मांडू नका.