हॉटस्पॉट जोडला जातो, पण इंटरनेट चालत नाही तेव्हा

फोनच्या हॉटस्पॉटला जोडलेल्या लॅपटॉपवर वाय-फायच्या चिन्हापाशी ‘इंटरनेट नाही’ असे दिसत असेल, तर प्रथम फोनचे वाय-फाय बंद करून केवळ मोबाइल डेटावर एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल तर दोष हॉटस्पॉटचा नाही, सिमचा, रेंजचा किंवा संपलेल्या डेटाचा आहे. फोनवर सारे सुरळीत असल्यास फोनमधील डेटा सेव्हर (डेटाचा वापर मर्यादित ठेवणारी सोय) आणि व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) बंद करावेत.

यानंतर लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला मिळालेला क्रमांक, पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर फोनने पत्ता दिलेलाच नाही, असे समजून हॉटस्पॉट बंद करून पुन्हा चालू करावा आणि लॅपटॉपमध्ये कोणी हाताने भरलेला जुना पत्ता राहिला असल्यास ‘ऑटोमॅटिक’ निवडावे. पत्ता योग्य असून ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) पोहोचते, परंतु संकेतस्थळे उघडत नाहीत, अशा वेळी बहुधा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी व्यवस्था) बिघडलेला असतो, लॅपटॉपच्या डीएनएस सेटिंगमध्ये १.१.१.१ भरून पाहावे.

अँड्रॉइडवर एवढ्यानेही भागले नाही, तर फोनच्या एपीएन सेटिंगमधील (मोबाइल कंपनीच्या इंटरनेटशी जोडणीची माहिती) ‘टाइप’ रकान्यात आधीच्या मजकुरापुढे स्वल्पविराम देऊन ‘डीयूएन’ (dun) ही तीन अक्षरे इंग्रजी लहान लिपीत जोडावीत. काही कंपन्या हा रकाना बदलू देत नाहीत. तेथे ग्राहक सेवेकडे आपल्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटची मुभा आहे का, एवढेच विचारावे.